तुमच्या रेकॉर्डनं माझं हरीण खाल्लं

व्हीनीच्या मयताला चर्चमध्ये जो कागद वाटला त्यावर छापलंय की ती शांत स्वभावाची, देवभीरू आणि सगळ्यांची लाडकी होती. एका ओळीत तीन थापा. ज्यानं छापलं त्याची आणि माझ्या बहिणीची कधी गाठ पडलेली दिसत नाही. ती शांत असती तर आमच्या घराला एवढा ताप कशाला झाला असता? म्हणून म्हणलं आपणच लिहावं. मला काही लिहिता येतं असं नाही. आठवीत शाळा सोडली, तेव्हापासून लाकडाचा ट्रक चालवतोय. पण फोनवर बोटानं टाइप करायला कुठं शाळा लागते. बोलतो तसं लिहितोय, चुकलं तर चुकलं.

व्हीनी म्हणजे लुवीनिया गॅथ्राइट, माझी धाकटी बहीण. शाळा सुटली तशी सोफ्याच्या कारखान्यात लागली ती आजारी पडेपर्यंत तिथंच. लाकडी सांगाड्यावर कापड ताणायचं आणि पिना ठोकायच्या. उत्तर मिसिसिपीत तुम्ही कुणाच्याही घरी जाऊन बसा, तुमच्या ढुंगणाखाली व्हीनीनं ठोकलेलं कापड असायची बरीच शक्यता आहे. ती म्हणायची, "दादा, माझं गाणं कुणी ऐकत नाही रे, पण माझ्या कामावर बसतात सगळेच."

गाणी ती तिथंच करायची. पिना ठोकायच्या मशीनच्या ठेक्यावर. सुपरवायझर ओरडायचा, "गॅथ्राइट, गाणं नको, हात चालव!" तर ही म्हणायची, "गाणं बंद केलं की हात बंद पडतो साहेब, एकाच तारेवर आहेत दोन्ही."

आवाज कसा होता सांगू? सकाळी पहिल्या कॉफीच्या आधी माणूस बोलतो ना, तसा. खरखरीत, झोपेतला, आणि तुमच्याशीच बोलतोय असा. मोठ्यानं गायची नाही कधी. तुम्हालाच पुढं वाकायला लागायचं.

गिटार आमच्या बाबांची. बाबा बोटात औषधाच्या बाटलीचा फोडलेला गळा घालायचे आणि तो तारांवरनं सरकवायचे, तार अशी विव्हळायची की कुत्रं उठून बाहेर जायचं. हे झालं ब्लूज, आमच्या काळ्या लोकांचं. पण शनिवार आला की तेच बाबा रेडिओला कान लावून नॅशविलची कंट्री गाणी ऐकायचे आणि डोळे पुसायचे. आमच्या वस्तीतली माणसं हसायची, "काय रे गॅथ्राइट, ते गोरे त्यांच्या घोड्यासाठी रडतात, तू कुणासाठी रडतोस?" बाबा म्हणायचे, "मी पण घोड्यासाठीच रडतो. मला कुठं घोडा होता?"

व्हीनीत ते दोन्ही उतरलं. तिथंच घोटाळा झाला. गोऱ्यांच्या बारमध्ये गिटार घेऊन शिरली की ते म्हणायचे, "बाई, स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे." तिथनं निघून नदीकाठच्या आपल्या लोकांच्या गुत्त्यात गेली की ते म्हणायचे, "ए व्हीनी, हे रडगाणं गोऱ्यांकडं ठेव, इथं लोक नाचायला आलेत." मग ती घरी यायची आणि मला गाऊन दाखवायची. मला संगीतातलं काही कळत नाही, म्हणून मी उठून कुठं जात नसे.

बाबा गेले तेव्हा व्हीनीचे दुधाचे दात पडत होते. त्या मयताला आई रडली नाही. हे गावानं लक्षात ठेवलं. आमच्याकडं मयताला बायका आडव्या पडतात, उचलून बाहेर न्यायला लागतं, पंख्यांनी वारा घालायला पांढऱ्या हातमोज्यातल्या बाया उभ्याच असतात. आमची आई ओझेल गॅथ्राइट मात्र ताठ बसलेली. बाबांच्या शर्टाला स्वतः इस्त्री केली, आलेल्यांना खुर्च्या पुरतात का बघितलं, कुणाच्या ताटात कोंबडी कमी पडली ते बघितलं. लोक म्हणले, दगड आहे बाई. आईच्या तोंडावर कोण म्हणणार? पाठीमागंच म्हणले.

आता रेकॉर्डचं सांगतो.

व्हीनी चाळिशीला आली तरी तिच्या गाण्यांचं काही झालं नव्हतं. तेव्हा डेल्बर्ट स्पेन म्हणला, मी करतो तुझी रेकॉर्ड. डेल्बर्ट म्हणजे आमच्या गावच्या रेडिओचा मालक, निवेदक आणि झाडूवाला, सगळं तोच. गोरा आहे, पण सज्जन आहे, आळशी आहे. त्यानं रेडिओवरनं मशीन उचलून आणलं. कुठं करायची? तर आईच्या स्वयंपाकघरात. कारण तिथली जमीन आणि उंच छत यांच्यामध्ये व्हीनीचा आवाज असा काही फिरायचा की वाटायचं भांडीसुद्धा ऐकतायत. आई तेव्हा मेम्फिसला मावशीकडं गेली होती, मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आई घरात असती तर माशीला गाऊ दिलं नसतं.

व्हीनी गिटार घेऊन बसली. मी पुठ्ठ्याच्या खोक्यावर पाय आपटायला. डेल्बर्ट कानाला हेडफोन लावून म्हणला, "थांबा. हे घूं घूं काय आहे?"

मागच्या पडवीतला डीप फ्रीजर होता तो. आईचा फ्रीजर म्हणजे आईची तिजोरी. थंडीत मी मारलेलं आख्खं हरीण त्यात कापून, कागदात बांधून ठेवलेलं. चर्चच्या होमकमिंगसाठी, म्हणजे गाव सोडून गेलेले वर्षातनं एकदा परत येतात त्या जेवणासाठी, पकडून साफ केलेले कॅटफिश. वर्षभराच्या शेंगांचे दाणे. आणि तो फ्रीजर असा घुमायचा की रेकॉर्डवर व्हीनीच्या बरोबरीनं गायचा.

"प्लग काढू का?" डेल्बर्ट म्हणला.

"काढ," व्हीनी म्हणली, "तासाभराचं तर काम आहे."

प्लग डेल्बर्टनं काढला. हे मी मरेपर्यंत सांगणार आहे. प्लग डेल्बर्टनं काढला.

तासाभराचं काम शनिवार-रविवार चाललं. मी घरदार विसरून खोक्यावर पाय आपटत होतो आणि माझी बहीण असं गात होती की मला वाटलं मी हिला आत्ताच ओळखायला लागलोय. माझा घटस्फोट होता त्यात. मावशीचा दुसरा नवरा होता, पहिल्यापेक्षा वाईट निघाला तो. सुपरवायझर होता. आमच्या घरात जे जे जेवणाच्या टेबलावर कुणी बोलायचं नाही असं आईनं ठरवलं होतं ते सगळं होतं. म्हणून रेकॉर्डचं नावच तिनं ठेवलं "जेवताना बोलायचं नाही". संपल्यावर आम्ही तिघं खुशीत बाहेर पडलो, दार लावलं, आणि जो तो आपापल्या घरी गेला. फ्रीजर तसाच.

आई आठवड्यानं आली. तेव्हा ऊन होतं जूनचं.

वास वर्णन करत नाही, तुम्ही जेवत असाल. एवढंच सांगतो की शेजारच्यांनी पोलिसांना फोन केला होता, त्यांना वाटलं कुणीतरी मेलंय आत. आईनं मला आणि व्हीनीला बोलावून घेतलं. ती पडवीत उभी, नाकाला रुमाल. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कुणी काढला प्लग?"

"डेल्बर्टनं," मी म्हणलो.

"घर डेल्बर्टचं आहे?"

"आई, रेकॉर्ड करत होतो," व्हीनी म्हणली. "फार चांगली झालीये. तू ऐक तर."

आई म्हणली, "तुमच्या रेकॉर्डनं माझं हरीण खाल्लं. माझे मासे खाल्ले. होमकमिंगला मी लोकांना काय वाढू, तुझं गाणं?"

त्या वर्षी आमच्या चर्चच्या होमकमिंगला, जिथं शिकागोपासून माणसं मासे खायला येतात, तिथं दुकानातल्या बोलोनीच्या, म्हणजे स्वस्तातल्या सॉसेजच्या, तळलेल्या चकत्या पावात घालून वाढल्या. अजून त्याला बोलोनी होमकमिंगच म्हणतात. पास्टर टिग्स तेव्हा नवीन होते, त्यांना वाटलं आमच्याकडं असंच असतं.

आई रेकॉर्ड ऐकायला तयार नाही. झालं, आम्हाला वाटलं, महिनाभर रुसेल.

रेकॉर्ड निघाली. डेल्बर्टनं सीडी काढल्या, पेट्याच्या पेट्या. टायरच्या दुकानात ठेवल्या, केस करायच्या पार्लरमध्ये ठेवल्या. खपल्या नाहीत. व्हीनी डेल्बर्टला म्हणली, "रेडिओवर तरी लाव." आता ऐका, डेल्बर्टचे दोन कार्यक्रम. सकाळी कंट्री, शनिवारी ब्लूज. सकाळी गेली तर म्हणला, "व्हीनी, हे ब्लूज आहे, शनिवारी ये." शनिवारी गेली तर म्हणला, "हे कंट्री वाटतंय गं, सकाळच्याला बघ ना."

"सकाळच्याला कोण बसतं?" व्हीनी म्हणली.

"मीच."

"मग त्याला विचार, तुला काय कळतं का म्हणून."

शेवटी त्यानं मध्यममार्ग काढला. दुपारचा त्याचा एक कार्यक्रम असतो, लोक फोन करून सांगतात कुणाला काय विकायचंय, ट्रॅक्टरचा टायर, कोंबडीची पिल्लं, जुना पलंग. मग त्या दिवशी कोण मेलं त्यांची नावं वाचतो. आख्खं गाव ऐकतं, कारण दोन्हीकडं लक्ष ठेवायला लागतं. त्या दोन्हींच्या मधे त्यानं व्हीनीचं एक गाणं लावलं. "इस्त्री" नावाचं. आईवरचं होतं ते.

"इस्त्री तापली, शर्ट पांढरा,
घालणाऱ्याला ठाऊक नाही."

असं सुरू होतं. दुसऱ्या कडव्यात येतं,

"सगळी रडली, आई नाही,
आई मोजते खुर्च्या."

आणि इथं डेल्बर्ट मधे घुसला. "थांबा मंडळी, मिस्टर पॅजेट लाइनवर आहेत, त्यांची गाभण बकरी आहे विकायला, घाई आहे त्यांना." गाणं कापलं ते कापलंच. बकरी मात्र त्याच दिवशी गेली.

आईनं व्हीनीचं नाव ऐकल्या ऐकल्या रेडिओ बंद केला होता, हरणाच्या नावानं. पण अर्लीनकाकू, चर्चमध्ये आईच्या शेजारच्या बाकड्यावर बसणाऱ्या, त्यांनी ऐकलं आणि लगेच आईला फोन केला. काय बोलल्या ते आम्हाला कळलं नाही. एवढंच दिसलं की आई त्या दिवसापासून रेकॉर्डचं नाव काढलं की उठून जायची. आम्ही म्हणलं, हरणाचा राग चढत चाललाय म्हातारपणी.

व्हीनीला दुसरं काही नको होतं हो. नॅशविल नको, टीव्ही नको. ती म्हणायची, "जगानं नाही ऐकलं तर जगाचं नुकसान. पण माझ्या आईनं एकदा बसून ऐकली पाहिजे, पहिल्यापासून शेवटपर्यंत." का, ते सांगायची नाही. आणि तिनं सगळे उपाय केले. आईच्या गाडीत सीडी घालून ठेवली, आईनं ती चमच्यानं उचकटून काढली. भांडी घासताना स्वयंपाकघरात लावली, आई कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली, भर पावसात. पुढं पुढं आईनं कानाचं मशीन घेतलं. व्हीनी सीडीला हात लावायचा अवकाश, आई मशीन काढून ॲप्रनच्या खिशात टाकायची आणि मटार सोलायला बसायची. साध्वीसारखी.

एकदा तर हॉलंडहून एक लांबडा माणूस आला. त्याला कुठनं ती सीडी मिळाली होती देव जाणे. विमानानं आला, गाडी भाड्यानं घेतली, रस्ता चुकत चुकत आईच्या दारात. व्हीनी कामावर होती. आईनं त्याला बसवलं, भाजी वाढली, मक्याचा कॉर्नब्रेड वाढला. तो खाता खाता रडायला लागला.

"मावशी, तुमच्या मुलीच्या गाण्यांनी माझं आयुष्य बदललं."

"तुझ्या देशात गाणारं कुणी नाही का रे?"

"आहेत. पण इतकं खरं कुणी नाही."

"खरं?" आई म्हणली. "हरीण खरं होतं. घे, अजून भाजी घे."

तो जाताना व्हीनी भेटली त्याला. ती लाजली, पण सोफ्यावर बसून त्याला फोटो काढू दिला. तो गेल्यावर म्हणली, "दादा, समुद्र ओलांडून आला रे. आणि इथं आईला चूल ओलांडून येता येईना."

असं पंधराएक वर्षं चाललं. मग व्हीनीच्या पोटात कॅन्सर निघाला. लवकर कळला नाही, कारण ती डॉक्टरकडं गेलीच नाही, म्हणायची सोफे वाकून ठोकल्यानं दुखतंय. शेवटी शेवटी ती आईकडंच राहायला आली, पुढच्या खोलीत खाट टाकली. आईनं तिचं जे केलं ते मी बघितलंय. अंग पुसायची, केस विंचरायची, डोक्याला तेल लावायची, उचलून बसवायची, स्वतः ऐंशीच्या पुढं असून. फक्त रेकॉर्डचं कुणी बोलायचं नाही.

एका दुपारी मी खाटेच्या पायाशी बसलो होतो. आई दाणे सोलत होती. व्हीनी म्हणली, "आई, आता तरी ऐक ना."

"काम करतेय."

"हात करतायत. कान रिकामे आहेत."

"व्हीनी, गप पड. दम लागेल."

"मेल्यावर तरी ऐकशील?"

आईनं मान वर केली नाही. "मेल्यावर बघू."

व्हीनी एवढी हसली की मला उठून पाणी द्यायला लागलं. "दादा, तू साक्षीदार आहेस हां," म्हणली. "म्हातारीला पलटू देऊ नकोस." आई पण हसली थोडी. मी नाही हसलो. मला वाटलं, एवढा काय राग धरायचा एका हरणाचा, मी दुसरं मारून आणतो, दहा आणतो, ऐक की बाई एकदा. पण बोललो नाही. आमच्या आईला कुणी बोलत नाही.

व्हीनी पुढच्याच आठवड्यात गेली. आई शेजारीच होती.

मयत चर्चमध्येच केलं. मी पास्टर टिग्सना विचारलं, तिचं एखादं गाणं लावू का. ते म्हणले, "ब्रदर थर्मन, देवाच्या घरात ते शोभत नाही. त्यात घटस्फोट आहे ना?"

"घटस्फोट माझा आहे," मी म्हणलो. "मी तर दर रविवारी आत येतो."

नाहीच म्हणले. मग कॉयरनं गायलं, छान गायलं, पण त्यातलं एकही गाणं व्हीनीला आवडलं नसतं, कारण प्रत्येकाचा शेवट गोडच होता. कारखान्यातल्या बाया आल्या होत्या, त्या रडल्या. डेल्बर्ट रडला, मागच्या बाकावर, टोपीत तोंड घालून. अर्लीनकाकू आडव्या पडल्या, त्यांना दोघांनी बाहेर नेलं. आई ताठ. खुर्च्या बघत होती. मला मागनं कुजबुज ऐकू आली, "तेव्हापण अशीच होती." मी वळून बघितलं तर सगळे भजनाच्या पुस्तकात.

माती देऊन झाली. मयतवाल्यांची लांब काळी गाडी आईसाठी उभी होती. आई म्हणली, "त्यात मी बसणार नाही, फार गार असतं आत. मी मेलेली नाही." आणि सरळ येऊन माझ्या ट्रकमध्ये चढली. चढली म्हणजे मी ढकलली. दफनभूमीपासून चर्चच्या हॉलपर्यंत मोठा वळसा आहे, हॉलमध्ये जेवण मांडलेलं. मी ट्रक चालू केला.

"लाव," आई म्हणली.

"काय लावू?"

"मला काय विचारतोस काय? मेल्यावर बघू म्हणले होते मी. मेली ती. लाव."

सीडी दाराच्या खणात होतीच. आईनं कानाचं मशीन चाचपून बघितलं, नीट बसवलं, पर्स मांडीवर उभी धरली, आणि कोर्टात बसल्यासारखी बसली.

पहिलं गाणं कारखान्याचं. "सुपरवायझर एवढा वाईट नव्हता," आई म्हणली. "हीच उशिरा जायची." दुसरं मावशीच्या नवऱ्याचं. "दात सोन्याचा नव्हता त्याचा, नुसता पिवळा होता. एवढं पण नीट बघितलं नाही पोरीनं." मग माझ्या घटस्फोटाचं आलं. आई खिडकीतनं बाहेर बघायला लागली, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती. "हे बरोबर आहे," म्हणली. "हे अगदी बरोबर आहे." मला जरा लागलं, पण म्हणलं चालू दे, ऐकतेय ना. व्हीनी मधे गिटार सरकवायची तेव्हा आई हळूच म्हणायची, "हे त्यांचं आहे. हे तुझ्या बाबांचं आहे." अशी भांडत भांडत म्हातारी ऐकत होती, जसं काय व्हीनी मधल्या सीटवर बसलीये आणि पुढच्या चौकात उतरणार आहे.

मग "इस्त्री" लागलं.

आईनं पर्स घट्ट धरली. "हे मला माहितीये."

"कसं काय? तू तर कधी ऐकलं नाहीस."

"गप बस."

इस्त्री तापली. शर्ट पांढरा. सगळी रडली, आई नाही, आई मोजते खुर्च्या. आईचा चेहरा एकदम बंद झाला, दुकानाचं शटर पडतं तसा. मग तिसरं कडवं आलं. त्यात एक बारकी पोरगी आहे, दात पडलेली. तिला पाहुण्यांच्या गर्दीतनं अंडी गोळा करायला पाठवलंय. ती खुराड्याचं दार उघडते.

"पालथ्या बादलीवर काळा झगा,
तोंडात कोंबला पदर ॲप्रनचा,
कोंबड्या बसल्या मांडीवर, आई,
त्यांना सांगत होतीस ना?
मी दार लावलं, अलगद लावलं.
मी कुणाला सांगितलं नाही."

"थांबव," आई म्हणली.

"गाणं?"

"ट्रक!"

मी कापसाच्या जुन्या गोदामापाशी कडेला घेतला. गाणं चालूच होतं, पुढं नुसती गिटार आहे.

"हे अर्लीननं सांगितलं नाही मला," आई म्हणली.

"काय?"

"तिनं फोन केला होता. म्हणली, ओझेल, तुझ्या लेकीनं रेडिओवर गायलं की तू नवऱ्याला रडली नाहीस. नुसत्या खुर्च्या मोजल्यास. सगळ्या गावानं ऐकलं म्हणली."

"अगं आई, काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. कुणीच नाही ऐकलं. डेल्बर्टनं मधेच बकरीसाठी कापलं."

"कशासाठी?"

"पॅजेटच्या बकरीसाठी. गाभण होती."

आई माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणली, "मला वाटलं, माझ्या पोटची पोर गावाला सांगत फिरतेय की आईला काळीज नाही. बाकीचे म्हणत होते ते चालत होतं. तिनं म्हणावं?"

"आणि हरीण?"

"हरीण हरीण काय लावलंस! हरीण परत मारता येतं." आणि एकदम भडकली. "आणि हे तर त्याहून वाईट आहे! दगड म्हणत होते ते परवडलं. आता काय म्हणतील? ओझेल गॅथ्राइट कोंबड्यांपुढं रडली! किती जणांनी घेतलीये ही?"

"फार नाही गं. बऱ्याच पेट्या माझ्या पलंगाखाली आहेत."

"देवाचे उपकार," आई म्हणली. अगदी मनापासून म्हणली.

मग आई गोदामाकडं बघायला लागली. पत्र्यावर ऊन पडलं होतं. "त्या दिवशी अंडी आली नव्हती," म्हणली. "रिकामी टोपली घेऊन आली ती. मी विचारलं, अंडी कुठायत? म्हणली, आज कोंबड्यांनी दिली नाहीत. मी म्हणलं, खोटं बोलतेस, मयताच्या दिवशी खोटं बोलतेस. पाहुण्यांसमोर रागावले तिला." तिनं पर्समधनं रुमाल काढला, नाक शिंकरलं, मोठ्यानं, आणि रुमाल परत ठेवून पर्स फटकन बंद केली. "गप उभी राहिली कार्टी. एक शब्द बोलली नाही. चल आता, लोक थांबलेत."

हॉलपुढं पोचलो तर आत सगळे आमच्यासाठी खोळंबलेले. आमच्याकडं घरच्यांनी ताट घेतल्याशिवाय कुणी घेत नाही. मी ट्रक बंद करायला गेलो तर आईनं माझ्या हातावर फटका मारला. रेकॉर्ड संपली नव्हती अजून.

पास्टर टिग्स बाहेर आले. खिडकीवर टकटक केली. आईनं काच अर्धी खाली घेतली.

"मदर ओझेल, कोंबडी गार होतेय. लोक वाट बघतायत."

"त्यांना वाढून घ्यायला सांगा."

"पण तुमच्याशिवाय..."

"पास्टर, माझी लेक गातेय," आई म्हणली, आणि त्यांच्या नाकासमोर काच वर घेतली.

ते तसेच उभे राहिले जरा वेळ, हातात पंखा. दारातनं कारखान्याच्या बाया बघायला लागल्या, त्यांच्या मागं अर्लीनकाकू, काकूंच्या मागं डेल्बर्ट हातात कॉर्नब्रेड घेऊन. आईनं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. पुढचं गाणं सुरू झालं होतं.

"ह्यात मी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग आवाज वाढव."